विवाहान्त कथानक आणि कृष्णवर्णीय नायिका

प्रणयकादंबरीचा शेवट विवाहात होतो, म्हणून ती पितृसत्ताक व्यवस्थेशी तडजोड करते, हा स्त्रीवादी समीक्षेतील एक रूढ निष्कर्ष आहे. जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या ग्रंथात तो अधिक सूक्ष्म केला: संसारात न लाभणारी माया स्त्रिया वाचनातून मिळवतात, व्यवस्था मात्र अबाधित राहते. विवाह ही स्त्रीला आधीच प्राप्त झालेली, किंबहुना तिच्यावर लादलेली संस्था होय, हे या मांडणीतील गृहीतक अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या इतिहासाला लागू पडत नाही. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. मालकाच्या मर्जीने पती-पत्नींची ताटातूट होई, अपत्ये विकली जात. गुलामगिरी संपल्यावर विवाह हा नागरिकत्वाचाच एक दावा ठरला.

फ्रान्सिस हार्पर यांच्या 'आयोला लेरॉय' (१८९२) या कादंबरीची नायिका श्वेतवर्णीय डॉक्टरची मागणी नाकारते, दुरावलेल्या आईचा शोध घेते, स्वतः अर्थार्जन करते आणि अखेरीस समाजकार्यात सहभागी होणारा कृष्णवर्णीय सहचर निवडते. अशा विवाहान्त कथानकांत क्लॉडिया टेट यांना (१९९२) राजकीय आकांक्षेचे रूपक दिसते. अ‍ॅन ड्यूसिल (१९९३) मात्र याच परंपरेत विवाहसंस्थेची चिकित्साही आढळते, याकडे लक्ष वेधतात. झोरा नील हर्स्टन यांची जेनी (१९३७) तीन विवाहांनंतर एकटीच आपल्या घरी परतते.

बाजारपेठेने ही परंपरा उशिरा स्वीकारली. १९८० मध्ये डेल प्रकाशनाच्या संपादक व्हिव्हियन स्टीव्हन्स यांनी रोझलिंड वेल्स या टोपणनावाने लिहिणाऱ्या एल्सी वॉशिंग्टन यांची 'एन्टवाइन्ड डेस्टिनीज' प्रसिद्ध केली. केन्सिंग्टन प्रकाशनाची 'अ‍ॅराबेस्क' मालिका १९९४ मध्ये आली. त्याच वर्षीच्या 'नाइट साँग'मध्ये बेव्हर्ली जेन्किन्स यांनी १८८० च्या दशकातील कॅन्सासमधील कृष्णवर्णीय वसाहतीत एक शिक्षिका नायिका म्हणून उभी केली. जेन्किन्स आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना संदर्भसूची जोडतात. रंजनप्रधान वाङ्मयात ही प्रथा विरळाच. असे जीवन खरोखर होते, याचा पुरावा त्यांना कथेसोबतच द्यावासा वाटतो.

स्टीव्हन्स ज्या लेखकसंघाच्या संस्थापकांपैकी एक होत्या, त्याचा 'रीटा' पुरस्कार कृष्णवर्णीय लेखिकांना प्रथम मिळाला तो २०१९ मध्ये. सुखान्ताला भाबडा ठरवणाऱ्या समीक्षेने म्हणूनच आधी विचारावयास हवे, की तो सुखान्त आजवर कोणाला नाकारला गेला होता. येथे नायिकेचा स्वतंत्र मार्ग विवाहाला टाळूनच जातो असे नाही. विवाह स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अधिकार तिच्या हाती येतो, तेथेच तो सुरू होतो.