जबड्याचं हाड का झिजतं? वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेले दात पुन्हा सावरता येतात का?

परळ-भोईवाड्याच्या रस्त्यांवर हातात रिपोर्टची पिशवी आणि गालाला पट्टी असलेली माणसं रोज दिसतात. १९२६ साली सुरू झालेलं केईएम आणि १९४१ साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल, ही दोन्ही रुग्णालयं इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. टाटात तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्याचा भाग काढावा लागलेले रुग्ण देशभरातून येतात.

पण जबड्याचं हाड गमावणाऱ्या बहुतेकांना कर्करोग नसतो. त्यांचं हाड वर्षानुवर्षं, कणाकणानं आणि बहुधा न दुखता झिजत असतं. दात हलायला लागतो तेव्हाच ते लक्षात येतं. हे का होतं आणि उशीर झाला असेल तर काय करता येतं, ते समजून घेऊया.

दाताचं हाड म्हणजे नेमकं काय?

जबड्याच्या हाडाचा जो भाग दातांची मुळं धरून ठेवतो, तो दातांसाठीच असतो. चावताना दातावर येणारा दाब मुळातून हाडापर्यंत पोहोचतो आणि त्या दाबामुळे हाड टिकून राहतं. दात गेला की त्या भागाचं काम संपतं आणि शरीर ते हाड हळूहळू विरघळवून टाकतं.

म्हणूनच एखादी दाढ काढल्यावर त्या जागेच्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षात जवळपास निम्म्यानं कमी होऊ शकते. यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. घरातल्या आजीची कवळी दर काही वर्षांनी सैल होते, त्याचं कारणही हेच. कवळी तीच असते, खालचं हाड कमी झालेलं असतं. ही झीज वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्यात जास्त होते.

हाड झिजण्याचं सर्वांत मोठं कारण कोणतं?

हिरड्यांचा आजार, म्हणजे ज्याला आपण पायोरिया म्हणतो तो. दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर वेळेवर निघाला नाही, तर त्याचं कडक कीटण होतं. ते ब्रशनं निघत नाही. हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि मधे खाच तयार होते. निरोगी हिरडीत ही खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असते. त्याहून खोल खाचेत ब्रश पोहोचत नाही, जिवाणू वाढत राहतात. त्यांच्याशी लढताना शरीरात जी सूज येते, तीच शेजारचं हाड खाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जगात १०० कोटींहून अधिक लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे.

तो वाढवणाऱ्या दोन गोष्टी आपल्याकडे घरोघरी आहेत. पहिली मधुमेह. साखर वाढलेली असेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. हिरड्यांवर नीट उपचार झाल्यावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीएवनसी) साधारण ०.४ नं खाली येतो, असं अभ्यासांत दिसलं आहे.

दुसरी तंबाखू. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मिश्री आजही वापरली जाते. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड अनेक घरांत दात घासायचं साधन मानली गेली. प्रत्यक्षात ती तंबाखूच असते. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही हिरडीतून रक्त कमी येऊ शकतं. म्हणजे धोक्याची पहिली खूणच झाकली जाते.

कमी आढळणारी, पण गंभीर कारणं

रेडिएशन : तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन दिल्यावर जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर दात काढला तर जखम भरत नाही आणि हाड निर्जीव होऊ शकतं. म्हणून रेडिएशनच्या आधीच दात तपासून वाईट दात काढून टाकतात.

औषधं : हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी दिली जाणारी काही औषधं (अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब) जबड्याच्या हाडाची भरून येण्याची क्षमता कमी करतात. २००३ पासून हा धोका डॉक्टरांच्या लक्षात आला. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तो बराच कमी असतो. ही औषधं स्वतःहून बंद करू नका, पण दात काढण्याआधी डेंटिस्टला त्यांची माहिती नक्की द्या.

म्युकरमायकोसिस : २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर ही बुरशी महाराष्ट्रात पसरली. अनेक रुग्णांचा वरचा जबडा काढावा लागला. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड्स ही त्यामागची मोठी कारणं होती.

फॉस्फरस : एकोणिसाव्या शतकात आगपेटीच्या कारखान्यांतल्या कामगारांचा जबडा पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांमुळे कुजायचा. भारतात १९१३ च्या कायद्यानं अशा आगकाड्यांवर बंदी आली.

गेलेलं हाड परत येतं का?

बहुतेक वेळा आपोआप येत नाही. पण झीज थांबवता येते आणि हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. अर्धं हाड उरलेला दातसुद्धा आजार आटोक्यात राहिला तर अनेक वर्षं टिकू शकतो.

काही ठिकाणी, विशेषतः खाच खोल आणि अरुंद असेल तर, हाडाची भुकटी आणि पडदा घालून थोडं हाड पुन्हा तयार करता येतं. टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनचे डॉ. पेर-इंगवार ब्रेनमार्क यांना १९५० च्या दशकात आढळलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला डेंटल इम्प्लांट बसवलं. इम्प्लांट आजूबाजूचं हाड टिकवायला मदत करतं. मात्र हिरड्यांचा आजार तसाच ठेवून बसवलेलं इम्प्लांटही निकामी होऊ शकतं. कर्करोगात जबड्याचा तुकडा काढावा लागला, तर पायातल्या फिब्युला या हाडापासून नवा जबडा घडवला जातो.

दहा वर्षं डेंटिस्टकडे गेला नसाल, तर सुरुवात कुठून?

१. आधी तपासणी आणि एक्स-रे. कुठल्या दाताभोवती किती हाड उरलंय, हे आरशात दिसत नाही.

२. दुखणं आणि पू आधी. रूट कॅनालनं वाचणारे दात वाचवायचे, न वाचणारे काढायचे. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकनं ठणका थांबतो, पण संसर्गाचं मूळ तिथेच राहतं.

३. मग सफाई. आधी वरचं कीटण, गरज असेल तर हिरडीखालचंही. सफाईनंतर दात सैल झाल्यासारखे वाटतात, कारण त्यांना धरून ठेवणारा कीटणाचा थर निघालेला असतो आणि सूज उतरलेली असते. सफाईमुळे दात हलत नाहीत, ते आधीच हलत असतात. वरचा दात काढल्यानं नजर कमी होते, हाही गैरसमजच.

४. दोन-तीन महिन्यांनी खाचा पुन्हा मोजायच्या. हिरड्या शांत झाल्यावरच ब्रिज, कवळी किंवा इम्प्लांटचा विचार.

५. त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी. घरी दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या टूथपेस्टनं ब्रश आणि दातांच्या फटींसाठी छोटा ब्रश किंवा दोरा.

खर्चाची भीती असेल तर कुठे जायचं?

मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. भोईवाड्यातून पहिल्यासाठी पश्चिम रेल्वे, दुसऱ्यासाठी मध्य रेल्वे सोयीची. केईएममध्येही दंत विभाग आहे. या ठिकाणी खासगी दवाखान्यापेक्षा खर्च बराच कमी येतो, पण रांग असते आणि फेऱ्या जास्त होतात. सकाळी लवकर पोहोचा. मधुमेहाचे रिपोर्ट आणि सुरू असलेल्या औषधांची यादी सोबत ठेवा.

कधी अजिबात थांबू नये?

जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, यातलं काही असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. दाताचा संसर्ग मानेत उतरला तर श्वास कोंडून जीवही जाऊ शकतो. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा आणि ओठ बधिर होणं यांचीही लगेच तपासणी करून घ्या.

ब्रश करताना रक्त येणं, हिरडी खाली सरकून दात लांब दिसणं, दातांत नवी फट पडणं, तोंडाला सतत वास येणं या त्याआधीच्या खुणा आहेत. या टप्प्यावर गेलात तर बरंचसं हाड अजून जागेवर असतं.