कापसाच्या मुलुखातली ऊब

सर्वपित्री अमावस्या जवळ आली की यवतमाळ जिल्ह्यात अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा या नद्यांच्या काठांवर धुण्याची झुंबड उडायची. घट बसायच्या आत घरातलं एकूणएक अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, असा दंडकच होता. बैलगाडीत गोधड्या, वाकळा, सतरंज्या, घोंगड्या घालून बायका सकाळीच निघत. चार महिने ओल धरून बसलेली गोधडी पाण्यात पडली की एवढी जड होई की पिळायला दोघी लागत. मग त्या गोधड्या वाळूवर आणि झुडपांवर पसरायच्या, आश्विनाच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या आणि दिवस कलता कलता घड्या घालून घरी आणायच्या. थंडीसाठी घर सज्ज करण्याची सुरुवात इथे अशी अंथरुणापासून व्हायची.

या भागाचा शरद दुपारी पोळतो आणि पहाटे अंगावर काटा आणतो. यवतमाळ शहर पठारावर आहे. समुद्रसपाटीपासूनची त्याची उंची साडेचारशे मीटरच्या आसपास भरते, त्यामुळे कार्तिक लागला की रात्री झपाट्याने गार होतात. पण घराची डागडुजी त्याच्या आधीच उरकावी लागे, कारण पावसाने भिंतींची दशा केलेली असे. या मुलुखातली काळी कसदार माती कापसाला उत्तम आणि भिंतीला निरुपयोगी. भिजली की ती फुगते आणि वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून भिंतींसाठी माती यायची ती गावठाणाच्या जुन्या पांढरीतून किंवा नाल्याकाठच्या खाणीतून. कुटार मिसळून, पायांनी तुडवून, कुजवून तयार केलेल्या या मातीची दोन-अडीच फूट जाडीची भिंत दिवसाचं ऊन पोटात साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. उष्णतेच्या शास्त्राची पुस्तकं न वाचता गावच्या मिस्त्र्यांनी हे गणित पिढ्यान्‌पिढ्या अचूक सोडवलं होतं.

ती भिंत जपण्याचं काम मात्र बायकांचं. दसऱ्याआधी पोपडे खरवडायचे, भेगा बुजवायच्या, शेणामातीचा हात द्यायचा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा पोतारा. कापडाचा बोळा मातीच्या पाण्यात बुडवून अर्धगोलाकार हात फिरवत भिंत पोतारली की वाळल्यावर त्या हाताच्या लाटा तशाच राहत. खालच्या अंगाला गेरूचा पट्टा. ऐपतीच्या घरी चुना लागे. वणीजवळच्या राजूरला चुनखडीचे साठे आहेत आणि चुन्याच्या भट्ट्याही. चुन्यात थोडी नीळ टाकली की पांढरा रंग खुलतो, म्हणून जुन्या वाड्यांच्या भिंतींवर ती निळसर झाक आजही दिसते. जमीन शेणाने सारवली, सपरीत रांगोळी पडली की घराला नवा वास येई. ओल गेल्याची ती पावती असे.

अशा घराचा एक नमुना जिल्ह्याच्या वेशीपलीकडे जपून ठेवलेला आहे. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. तिथे सेवाग्रामला १९३६ साली गांधीजी राहायला आले, तेव्हा घरासाठी पाचशे रुपयांहून अधिक खर्च करायचा नाही आणि साहित्य व कारागीर जवळपासचेच घ्यायचे, असा त्यांचा आग्रह होता. माती, बांबू, लाकूड, कवेलू यांतून आदी निवास उभा राहिला. पुढे बापूकुटी म्हणून प्रसिद्ध झालेली झोपडी आधी त्यांच्या शिष्या मीराबेनची होती. तिच्या भिंतींवर मीराबेनने मातीत उठावाची चित्रं काढली, चरखा आणि ताडाची झाडं. जग त्या कुटीकडे त्यागाची खूण म्हणून पाहतं. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला मात्र ती ओळखीची वाटावी, कारण त्याच्या आजीचं घरही याच साहित्याचं होतं.

हे साहित्य फुकट मिळे, हा समज अर्धाच खरा. इंग्रजांचा कारभार १८५३ च्या निजामाबरोबरच्या तहाने वऱ्हाडात आला आणि त्यानंतरच्या दशकांत जंगलं राखीव होत गेली. छपराचं गवत, कुडाचा बांबू, आड्याचं सागवान, चुलीचं सरपण, सगळ्याला परवानगी आणि पैसे लागू लागले. जिल्ह्याचा मोठा भाग सागाच्या जंगलाचा. जंगल डोळ्यांसमोर आणि घर शाकारायला गवत नाही, ही अवस्था अनेक गावांची झाली. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. मिठाचा सत्याग्रह समुद्राकाठी. इथे समुद्र नव्हता, गवत होतं. त्या सत्याग्रहाकडे स्वातंत्र्यलढ्याचं एक पान म्हणून पाहिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण गवताची ती पेंढी गोठ्यासाठी आणि घरासाठीही होती, हे विसरलं की इतिहासातून घर निघून जातं.

केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव या बाजूच्या कोलामांच्या पोडांवर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, तर घर जवळजवळ सगळंच जंगलातून आलेलं. चिरलेल्या बांबूचा किंवा तुराट्यांचा कूड विणायचा, दोन्ही अंगांनी माती लिंपायची, वर गवत किंवा कवेलू. मातीच्या जाड भिंतीसारखी ऊब हा कूड धरत नाही. तिथे रात्रभर धगधगणाऱ्या लाकडाच्या ओंडक्यावर भिस्त. चूल आणि शेकोटी यांत फार अंतर नसे. शेकोटीभोवती बसणं, गोष्टी सांगणं, तिथेच आडवं होणं ही थंडीतली रीत. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला गोंड आणि कोलामांची दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांचा ताफा, आश्विन पौर्णिमेनंतर दिवाळीपर्यंत गावोगाव पाहुणी जाते. येणाऱ्या अख्ख्या ताफ्याला जेवू घालायचं म्हणजे घर-अंगण आधी सावरावंच लागे.

पुसद, दिग्रस, आर्णीकडच्या बंजारा तांड्यांत हा काळ मुलींचा. दिवाळीच्या अमावास्येला अविवाहित मुली दिवे घेऊन तांड्यातल्या घराघरांत जातात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं शुभ चिंतितात. याला ‘मेरा’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याच मुली रानात जाऊन फुलं आणतात आणि गोधनपूजेसाठी शेणाच्या ढिगांवर ती खोवतात. इतर गावांत त्याआधीच, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, भुलाबाईची गाणी झालेली असतात. भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्तींपुढे मुली रोज वेगळ्या घरी जमत आणि झाकलेली खिरापत ओळखायला लावत. ज्या घरी आपल्या मुलीची भुलाबाई, त्या घराची सपरी आधी सारवलेली असायची. घर नीटनेटकं करायला बाहेरून कोणी सांगायची गरज नव्हती. येणाऱ्या पोरी तेवढ्या पुरत.

आणि मग कापूस. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी. त्याआधी शेतात सीतादही होतं: पाच दगड मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच बोंडाला हात. वेचलेला कापूस घरी येतो आणि बसायच्या खोलीतच त्याची गंजी लागते. निम्मं घर त्याचं होतं. मोठी माणसं सावरून वावरतात, पोरं त्यात उड्या मारतात, रात्री त्यालाच टेकून झोपतात. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या घरातली सर्वांत ऊबदार वस्तू हीच, आणि तीच त्याची नव्हे. ती विकायची असते.

या परकेपणाला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वऱ्हाडात कापूस पिकत होता, घरोघर सूत निघत होतं आणि गावचा विणकर त्याचं कापड विणत होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि डोळे वऱ्हाडाकडे वळले. १८६७ पर्यंत रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. यवतमाळचा कापूस बैलगाड्यांनी धामणगाव स्टेशनला जाऊ लागला. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची लाइन खास कापसासाठी आली. लोकांनी तिला मायेने ‘शकुंतला’ म्हटलं. कापूस ज्या मार्गाने बाहेर गेला, त्याच मार्गाने विलायती कापड आत आलं आणि चरखे माळ्यावर गेले. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातली हजारो माणसं मेली. बाजारासाठी पिकवणाऱ्याच्या कोठीत धान्य उरलं नव्हतं. १९०५ साली वऱ्हाडची फेरमांडणी होऊन वणी जिल्हा यवतमाळ झाला, पुसद त्याला जोडला गेला, तोवर हा कापूस-जिल्हा म्हणून पक्का झाला होता.

अशा जिल्ह्यात गरीब घराची ऊब कापसाची असण्यापेक्षा चिंध्यांची होती. गोधडी ही विरलेल्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक रचून शिवलेली. उन्हाळ्यात, शेतात काम नसताना बायका ती शिवत. मधे जुनेर, वरच्या थराला त्यातल्या त्यात धड लुगडं, काठ कडेने लावलेले, आणि सगळ्यावर जवळ जवळ धावदोरा. त्या टाक्यांमुळे थर सरकत नाहीत आणि त्यांच्यामधे हवा अडकून राहते. ऊब त्या हवेची. आजीचं लुगडं, बापाचं धोतर, बाळंतविड्याचं कापड सगळं एकाच गोधडीत जाई. तिचा मऊपणा विकत मिळत नाही, असं जुनी माणसं सांगतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही. पन्नास वेळा धुतलेलं सुती कापड नव्या कापडापेक्षा खरोखरच मऊ असतं.

रुईची गादी आणि रजाई ही ऐपतीची गोष्ट. हिशेब सोपा आहे: एक क्विंटल कापसातून सरकी वेगळी केली की सुमारे ३४ किलो रुई निघते. चार किलोंच्या रजाईला जवळपास बारा किलो कापूस हवा. स्वतःच्या शेतातला असला तरी तो बाजारातून बाजूला काढावा लागे. लेकीच्या लग्नात किंवा तिच्या पहिल्या दिवाळीला तो काढला जाई. मग पिंजाऱ्याला बोलावणं. पाऊस उघडला की पिंजारी आपली पिंजण घेऊन गावोगाव फिरत. तातीवर मुठीचा घाव पडला की तो घुमणारा आवाज गल्लीभर जाई आणि दबलेली रुई फुलून हवेत तरंगू लागे. दिवसभर पिंजून, खोळीत समान पसरून, लांब सुईने टाके घालून तो गादी उभी करी. तोंडाला फडकं बांधून काम करणाऱ्या या कारागिराच्या छातीत किती कापूस जाई, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. बहुतेक पिंजारी मुसलमान, आणि हिंदू घरच्या लेकीच्या रुखवतातली गादी त्यांच्या हातची. ही सहज वीण गावाला एवढी अंगवळणी पडली होती की तिचा कोणी उल्लेखही करत नसे.

१९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. कापूस सरकारी केंद्रावर जाऊ लागला. ती व्यवस्था विरत गेल्यावर शेतकरी पुन्हा भावाची वाट पाहू लागला. २०२२-२३ च्या हंगामात आदल्या वर्षीच्या क्विंटलमागे दहा हजार रुपयांपलीकडच्या भावाची आशा धरून अनेकांनी कापूस घरातच ठेवला. महिनोन्‌महिने साठवलेल्या त्या कापसामुळे घरातल्या माणसांना अंगभर खाज सुटल्याच्या बातम्या विदर्भातून आल्या. पूर्वी कार्तिकात येऊन माघात जाणारा पाहुणा उन्हाळ्यापर्यंत मुक्कामी राहिला, की ऊब अशी अंगावर येते.

दरम्यान घरंच बदलली. घरकुल योजनांनी विटा-सिमेंटचा निवारा दिला आणि पावसाची धास्ती मिटवली. त्याचं मोल कमी लेखू नये, दरवर्षी भिंत लिंपून कंबरडं मोडणाऱ्या बाईने तर मुळीच नाही. पण पातळ भिंत आणि वर टिनाचे पत्रे असलेली खोली डिसेंबरच्या पहाटे गारठते. पूर्वी दिवाळीच्या अभ्यंगाचं पाणी तापवायला जपून ठेवलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या आता अनेक शेतांत मशीनने बारीक करून मातीत घालतात. पांघरुणांत पानिपतची ब्लँकेटं आली आहेत. जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांचा धागा पुन्हा कातून त्यांतली काही बनतात. जुनेरातून ऊब काढण्याची ही युक्ती गोधडीचीच, फक्त कारखान्यात गेलेली.

पिंजाऱ्याची तात थांबली, पण धंदा संपलेला नाही. दसरा जवळ आला की गादीवाल्यांच्या दुकानांसमोर जुन्या गाद्यांच्या थप्प्या लागतात. काही जण पिंजण्याचं यंत्र गाडीवर चढवून वस्त्यांतून फिरतात आणि गिऱ्हाइकाच्या दारातच गादी उसवून, रुई पिंजून, तासाभरात भरून देतात. ज्यांच्या घरी शेती आहे ते जिनिंगमधून आणलेली दोन-तीन किलो नवी रुई त्यात घालायला सांगतात, आणि खोळीच्या कापडाचा भाव मात्र दारातच घासाघीस करून ठरतो.