पाणमांजरांची यशोदा

परवा नातीने विचारले, "आजोबा, प्राण्यांना पोहायला कोण शिकवतं?" मला समुद्री पाणमांजर आठवले.

त्याचे पिलू जन्मतःच तरंगते. केसांत इतकी हवा असते की बुडीच मारता येत नाही. पाठीला भोपळा बांधून विहिरीत उतरायचो ना आम्ही, अगदी तसे! आई तळाशी जाऊन शिंपले आणते, फोडून भरवते. पाहत पाहत पिलू सहाएक महिन्यांत शिकते.

बेरिंगच्या १७४१ च्या मोहिमेनंतर कातड्यासाठी हा प्राणी जवळजवळ संपवला गेला. १९११ च्या कराराने संरक्षण मिळाले. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बिग सूर किनाऱ्यावर पन्नासेक दिसले. पुढे १९८४ साली तिथून जवळच मॉंटेरे बे मत्स्यालय निघाले आणि आईपासून तुटलेली पिले तिथे येऊ लागली. माणसेच त्यांच्याबरोबर समुद्रात पोहत, बुडी शिकवत. पिले शिकली, पण माणसाळली. सोडल्यावरही माणसांकडेच यायची. (इतकी वर्षे मास्तरकी केल्यामुळे हे वाचून जरा हललो.)

२००१ मध्ये टूला नावाच्या मादीला मेलेले पिलू झाले. तिच्याजवळ एक अनाथ पिलू ठेवले. तिने ते आपले मानले! मग अशा मानलेल्या आयाच शिकवू लागल्या. २००२ ते २०१६ दरम्यान त्यांनी वाढवलेली ३७ पिले सोडली. एल्कहॉर्न खाडीत या काळात पाणमांजरे वाढली, त्यांतली निम्म्याहून अधिक ही पिले आणि त्यांची प्रजा.

टूलाला मात्र झटके यायचे, म्हणून समुद्रात सोडता आले नाही. २०१२ साली ती मत्स्यालयातच गेली.