संदेश-अभ्यवेक्षण

टपाल, तार वा तत्सम मार्गाने जाणारा खाजगी संदेश शासनाने वाटेत अडविणे, तपासणे किंवा रोखून धरणे. बंद पाकीट तपासण्यासाठी ते फोडावे लागे. तारेची गोष्ट निराळी होती. तारयंत्र चालविणाऱ्या कर्मचाऱ्याने शब्द न् शब्द वाचल्याखेरीज ती पुढे जातच नसे. तारेची गुप्तता ही यंत्राची नव्हे, तर नियमाची बाब होती.

हा नियम बाजूला सारण्याचा अधिकार भारतात १८८५ च्या तार अधिनियमाच्या पाचव्या कलमाने शासनाला दिला. टपालापुरता तो १८९८ च्या टपाल अधिनियमाच्या सव्विसाव्या कलमात होता. त्यासाठी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची निकड असणे आवश्यक होते. ती आहे किंवा नाही अशी शंका निघाल्यास मात्र शासनाचे प्रमाणपत्र हाच निर्णायक पुरावा मानला जाई. वादी आणि पंच एकच, असा हा प्रकार होता.

आणीबाणी म्हणजे काय, याविषयी मतभेद किती टोकाचे असू शकतात, हे सोलापुरात दिसले. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० रोजी तेथे गोळीबार झाला; जमावाने पोलीस चौकी व न्यायालय जाळले, पोलीसही मारले गेले. पुढील तीन दिवस शहरातील रहदारी काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. चळवळीच्या दृष्टीने ती सुव्यवस्था होती. शासनाच्या दृष्टीने तो सत्तेचा लोप होता. १२ मेपासून ३० जूनपर्यंत तेथे लष्करी कायदा होता. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. त्या दिवसांत एखाद्याची तार अडविली गेली असती आणि ‘आणीबाणी नव्हतीच’ असे त्याने म्हटले असते, तर एका प्रमाणपत्राने तो वाद मिटला असता.

तार अधिनियमातील ही प्रमाणपत्राची तरतूद १९७२ च्या दुरुस्तीने गेली व कारणे लेखी नमूद करण्याचे बंधन आले. टपालाच्या कायद्यात ती राहिली. टपाल तपासणीची व्याप्ती वाढविणारे १९८६ चे विधेयक संसदेने संमत केले, परंतु राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यास संमती दिली नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी-श्रवणाच्या आदेशांच्या पुनर्विलोकनासाठी समिती आवश्यक ठरविली. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. टपाल व दूरसंचार यांविषयी २०२३ मध्ये नवे अधिनियम झाले. संदेश अडविण्याचा अधिकार त्या दोहोंतही कायम आहे.