रक्तांतून आलेली कावीळ आणि रक्तांतून निघालेली लस

१८८३ सालीं जर्मनींतील ब्रेमेन शहरांत जहाजें बांधणाऱ्या एका कारखान्यांतील १,२८९ कामगारांना देवी टोचण्यांत आल्या. त्यासाठीं वापरलेली लस दुसऱ्या माणसांच्या फोडांतील द्रवापासून केलेली होती. पुढील कांहीं महिन्यांत त्यांपैकीं १९१ जणांना कावीळ झाली. ज्यांना ती लस टोचली नव्हती, ते मात्र सुटले. ल्यूरमन नांवाच्या डॉक्टरानें १८८५ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध केला. एका रोगापासून वांचविण्यासाठीं केलेल्या उपायानेंच दुसरा रोग घरांत आणला होता!

हा धडा जग लवकर शिकलें नाहीं. १९४२ सालीं अमेरिकन सैनिकांना पीतज्वराची लस टोचण्यांत आली. तींत मानवी रक्तरस मिसळलेला होता. त्यामुळें सुमारें ५०,००० सैनिक काविळीनें आजारी पडले. अखेर १९४७ सालीं मॅककॅलम या ब्रिटिश शास्त्रज्ञानें दोन काविळींना दोन नांवें सुचविलीं : अन्नपाण्यावाटे येणारी ती हिपॅटायटिस ‘ए’, आणि रक्तावाटे येणारी ती हिपॅटायटिस ‘बी’. नांव मिळालें; परंतु शत्रूचें रूप अजून कोणीं पाहिलें नव्हतें.

तें दृष्टीस पडलें तेंही शोध दुसऱ्याच गोष्टीचा चालला असतां. बरूक ब्लुंबर्ग हे अमेरिकन संशोधक निरनिराळ्या मानववंशांच्या रक्तांतील आनुवंशिक भेद तपाशीत होते. ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासी मनुष्याच्या रक्तांत त्यांना व त्यांचे सहकारी हार्वे आल्टर यांना एक अपरिचित प्रथिन आढळलें. १९६५ सालीं त्यांनीं तें ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ या नांवानें जाहीर केलें. प्रथम हा गुण जन्मजात असावा असा तर्क होता. परंतु एका रुग्णाच्या रक्तांत तें पूर्वीं नव्हतें, मागाहून दिसूं लागलें, आणि त्याच सुमारास त्याचें यकृतही बिघडल्याचें आढळलें. जन्मजात गुण असा मध्येंच कसा उगवेल? या एका प्रश्नानें तर्काची दिशा पालटली. तें प्रथिन म्हणजे ‘बी’ काविळीच्या विषाणूचें बाह्य आवरण होतें. ब्लुंबर्ग यांना १९७६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ज्याच्या रक्तानें ही वाट दाखविली, तो आदिवासी मनुष्य मात्र अज्ञातच राहिला.

पुढील टप्पा सांगतांना मन कचरतें. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक येथें मतिमंद मुलांसाठीं एक संस्था होती. डॉ. सॉल क्रुगमन यांनीं तेथील मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग करून प्रयोग केले. रोग्याचा रक्तरस पाण्यांत मिसळून एक मिनिट उकळला, तर त्याची रोग देण्याची शक्ति जाते पण संरक्षण देण्याची शक्ति उरते, असें १९७१ सालीं प्रसिद्ध झालें. आईबापांची संमति घेतली होती हें खरें. परंतु ज्यांना ‘नको’ म्हणण्याचीही समज नव्हती, त्यांच्या देहावर असे प्रयोग करणें न्याय्य होतें काय, या प्रश्नाचें उत्तर विज्ञानाच्या यशानें मिळत नाहीं.

मॉरिस हिलमन यांनीं मर्क कंपनींत वाहकांच्या रक्तांतून तें आवरण वेगळें काढलें आणि तीन निरनिराळ्या रासायनिक क्रियांनीं त्यांतील जिवंत विषाणु निःशेष मारले. ही लस १९८१ सालीं अमेरिकेंत मान्य झाली. १९८६ सालीं पाव फुगविणाऱ्या यीस्टकडूनच तें आवरण तयार करवून घेण्याची युक्ति साधली, आणि लसीसाठीं मानवी रक्ताची गरजच उरली नाहीं.

या लसीचें खरें महत्त्व नवजात अर्भकासाठीं आहे. प्रौढांपैकीं बहुतेकांच्या शरीरांतून हा विषाणु आपोआप नाहींसा होतो. परंतु जन्मतांना मातेकडून ज्या बालकांना तो लागतो, त्यांपैकीं सुमारें ९० टक्के जन्मभर वाहक राहतात, आणि पुढें त्यांतील कित्येकांना यकृताचा कर्करोग होतो. तैवाननें १९८४ सालीं नवजात बालकांना लस देण्यास आरंभ केला. दहा वर्षांच्या आंत तेथील सहा ते चौदा वयाच्या मुलांतील हा कर्करोग जवळजवळ निम्म्यावर आला. भारतांत १९९७ सालीं हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनें देशी लस काढली, आणि २०११ पर्यंत ती सरकारी कार्यक्रमांतून सर्व देशभर पोंचली.

तरीही पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आंत मिळाली पाहिजे. जडलेला रोग ही लस बरा करीत नाहीं. ती फक्त दार लावते, तेंही वेळींच. आणि एका पंक्तीस जेवल्यानें किंवा हातांत हात घेतल्यानें हा रोग जडत नाहीं. तेव्हां वाहकास दूर लोटण्याचें कांहींच कारण नाहीं. ब्रेमेनच्या कामगारांनीं, अमेरिकेच्या सैनिकांनीं आणि विलोब्रुकच्या मुलांनीं न मागतां मोजलेली किंमत आज प्रत्येक पाळण्यापाशीं एका थेंबभर औषधाच्या रूपानें उभी आहे. तें चोवीस तासांच्या आंत बाळास न मिळणें, हा त्या सर्वांच्या ऋणाचा विसर होय.