जॉन ब्रेकिन्रिज : स्वातंत्र्य आणि मालमत्ता

अमेरिकन प्रजासत्ताकाच्या आरंभकाळात ॲपलेशियन पर्वतापलीकडे जी नवी राज्ये उदयास आली, त्यांच्या राजकारणाचे अंतरंग केंटकीच्या जॉन ब्रेकिन्रिजच्या (१७६०–१८०६) चरित्रातून स्पष्ट होते. व्हर्जिनियात जन्मलेला हा वकील १७९३ साली केंटकीत आला आणि लेक्सिंग्टननजीक ‘कॅबल्स डेल’ ही विस्तीर्ण शेतजमीन त्याने गुलामांच्या श्रमावर वसविली.

१७९८ साली केंद्र सरकारने परकीयांविषयीचे व राजद्रोहाविषयीचे कायदे केले. त्यांच्या निषेधाचे ठराव ब्रेकिन्रिजने नोव्हेंबरात केंटकीच्या विधिमंडळात मांडले. संविधानाने न दिलेली सत्ता केंद्राने वापरल्यास ती कृती निरर्थक होय, हे त्यांचे सार. मूळ मसुदा उपराष्ट्राध्यक्ष जेफर्सन याचा. त्यातील जहाल भाषा ब्रेकिन्रिजने सौम्य केली.

त्याच सुमारास केंटकीत नव्या राज्यघटनेचा वाद पेटला होता. तरुण हेन्री क्ले क्रमशः गुलाममुक्तीचा पुरस्कार करीत होता. ब्रेकिन्रिजचा प्रतिवाद असा की, घटनासभेला आज गुलाम काढून घेता आले, तर उद्या जमिनीही घेता येतील. १७९९ च्या घटनासभेत त्याचेच वर्चस्व राहिले. मालकांच्या संमतीवाचून वा भरपाईवाचून गुलाम मुक्त करण्यास विधिमंडळाला असलेली १७९२ ची मनाई कायम राहिली; स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा मताधिकार मात्र गेला.

या दोन भूमिकांत विसंगती आहे, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु शासनाच्या सत्तेला घातलेली मर्यादा ब्रेकिन्रिजच्या दृष्टीने मुख्यतः मालमत्तेचे कवच होती. गुलाम हा त्या मालमत्तेचाच भाग. १८०३ साली याची कसोटी लागली. लुइझियानाच्या खरेदीस संविधानाचा आधार आहे काय, अशी शंका खुद्द जेफर्सनने त्याला पत्रातून कळविली होती. तथापि केंटकीचा माल मिसिसिपीवाटे न्यू ऑर्लिन्सला जात असे. सिनेटर ब्रेकिन्रिजने खरेदीचे समर्थन केले आणि त्या प्रदेशाच्या शासनाचे विधेयकही मांडले. संविधानाच्या काटेकोर अर्थाचा आग्रह येथे मागे पडला. मळेवाल्यांचे हित तेवढे अढळ राहिले.

१८०५ साली तो केंद्राचा महान्यायवादी झाला. पुढच्याच वर्षी मृत्यू पावला. १८६० साली त्याचा नातू जॉन सी. ब्रेकिन्रिज गुलाममालकांच्या हक्कांचा कैवारी म्हणून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभा राहिला. आजोबाचा सिद्धान्तच त्याने राष्ट्रव्यापी केला, असे म्हणणे अयथार्थ होणार नाही.