हिवाळ्यातील ग्रीस

ग्रीस म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो तेथील उन्हाळा. निळा समुद्र, चुन्याने पांढरी केलेली घरे आणि बंदरोबंदरी लागलेल्या उतारूंच्या बोटी. २०१९ साली या देशाला ३ कोटींहून अधिक परदेशी प्रवाशांनी भेट दिली. देशाची स्वतःची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ५ लाख. ही पाहुण्यांची गर्दी मुख्यतः उन्हाळ्यातली. ऑक्टोबर सरला की लहान बेटांवरील हॉटेलांना कुलपे लागतात, बोटींच्या फेऱ्या कमी होतात, आणि त्या दिवसांत तेथे जाणाऱ्यास उठून गेलेल्या जत्रेच्या मैदानावर आल्यासारखे वाटते. परंतु ग्रीसचा इतिहास पाहिला तर हिवाळा हा त्या देशाचा रिकामा ऋतू नव्हता, तर घरचा ऋतू होता, असे दिसून येते.

तेथील ऋतुचक्र हिंदुस्थानच्या उलट आहे. उन्हाळा कोरडा, आणि पाऊस पडतो तो थंडीत. अथेन्समध्ये वर्षाकाठी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस होतो व त्याचा मोठा भाग ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत पडतो. २,९१७ मीटर उंचीचा ऑलिंपस पर्वत बर्फाने झाकला जातो. फेब्रुवारी २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये तर खुद्द अथेन्सच्या अक्रोपोलिसवर बर्फ साचले होते. पावसाने तापलेली भूमी हिरवी होते, आणि नोव्हेंबरपासून ऑलिव्हची फळे उतरविण्याची घाई सुरू होते. प्रवासी ज्याला मोसम संपला असे म्हणतो, तोच शेतकऱ्याचा मोसम होय.

प्राचीन काळी या ऋतूची पहिली खूण म्हणजे समुद्र बंद होणे. इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास होऊन गेलेल्या हेसिअड या कवीने शेतकऱ्याला वर्षभराच्या कामांचा उपदेश केला आहे. हिवाळी वारे सुटताच नाव किनाऱ्यावर ओढून घ्यावी, तिला दगडांचा आधार द्यावा आणि सुकाणू घरात धुराड्यापाशी टांगून ठेवावे, असे तो सांगतो. पुढे रोमन ग्रंथकार व्हेजिशियस याने तर ११ नोव्हेंबर ते १० मार्च हा काळ समुद्र बंद असण्याचा म्हणून नोंदविला. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवणाऱ्या कोकणातील वा गोव्यातील कोळ्याला हा नियम वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. दर्याचा कोप दोन्हीकडे सारखाच. फक्त महिने निराळे. हा नियम न पाळणाऱ्यांची गत काय होई, त्याचे उदाहरण बायबलात आहे. इसवी सन ६०च्या सुमारास संत पॉलला रोमला नेणारे गलबत क्रीट बेटावर हिवाळा काढण्यासाठी अधिक चांगले बंदर गाठू पाहत होते. ते वादळात सापडले आणि भरकटत माल्टाच्या किनाऱ्यावर फुटले.

या काळात देवही स्थलांतर करीत. डेल्फी येथील अपोलो हिवाळ्याचे तीन महिने दूर उत्तरेकडे जातो आणि त्या अवधीत तेथे डायोनिससचा अंमल असतो, अशी श्रद्धा होती. चातुर्मासात विष्णू निद्राधीन असतो असे मानणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी वाटू नये. डेल्फीचा पुजारी असलेला प्लूटार्क लिहितो की, पार्नासस पर्वतावर डायोनिससच्या उपासिका हिमवादळात अडकल्या असता त्यांच्या सुटकेसाठी गेलेल्या लोकांची वस्त्रे गोठून लाकडासारखी ताठ झाली होती.

समुद्र बंद म्हणजे परका माणूस नाही. याचा अथेन्सने करून घेतलेला उपयोग मोठा लक्षणीय आहे. त्या नगरीत नाटकांचे दोन उत्सव होत. वसंतातल्या मोठ्या उत्सवास सागरी मार्ग खुले झालेले असत; मित्रराज्यांचे प्रतिनिधी खंडणी घेऊन येत आणि परदेशीयांनी नाट्यगृह भरून जाई. लीनिया हा दुसरा उत्सव ऐन थंडीतला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला. इसवी सनापूर्वी ४२६ मध्ये अॅरिस्टोफेनिसने वसंतोत्सवात एक नाटक केले, तेव्हा पाहुण्यांसमोर नगरीची निंदा केल्याचा ठपका क्लीऑन या पुढाऱ्याने त्याच्यावर ठेवला. पुढच्याच वर्षी त्याने 'अकार्निअन्स' हे युद्धाविरुद्धचे नाटक लीनियात आणले. आता येथे आपणच आपण आहोत, परके अजून आलेले नाहीत, तेव्हा कोणी तसा आरोप करू शकणार नाही, असे त्यातील नायक प्रेक्षकांना उघड बजावतो. घरातली माणसेच तेवढी उरली म्हणजे घरातले खरे बोलता येते. लोकशाहीच्या त्या जन्मभूमीत ही मुभा हिवाळ्याने दिली होती.

घरात रमण्याची किंमतही अथेन्सला द्यावी लागली. मॅसिडोनियाचा राजा फिलिप हा ऋतूचा मुलाहिजा ठेवीत नसे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाची वाट पाहणाऱ्या फौजांवर कोणी भर पावसाळ्यात चालून यावे, तसा प्रकार. उत्तरेचे वारे आणि हिवाळा हेरून, अथेन्सचे आरमार पोहोचू शकणार नाही अशा वेळी फिलिप हल्ला करतो, हे डेमॉस्थेनिसने इसवी सनापूर्वी ३५१च्या सुमारास केलेल्या भाषणात स्पष्ट सांगितले. लेम्नॉस, थासॉस, स्कियाथॉस या बेटांवर सैन्याने हिवाळी तळ ठोकावा, अशी त्याची सूचना होती. स्कियाथॉस आज उन्हाळी विहाराचे बेट म्हणून प्रसिद्ध आहे.

अर्वाचीन काळात हिवाळ्यात आलेल्या परदेशी पाहुण्यांत इंग्रज कवी बायरन अग्रगण्य म्हणावा लागेल. १८०९च्या नाताळात तो अथेन्समध्ये प्रथम उतरला, तेव्हा ती नगरी तुर्कांच्या ताब्यात होती. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धासाठी तो पुन्हा आला आणि ५ जानेवारी १८२४ रोजी मिसोलाँघीत दाखल झाला. दलदलीच्या काठचे गाव, सततचा पाऊस, चिखल आणि आपसांत भांडणारे सैनिक, हाच त्याच्या वाट्याला आलेला ग्रीस. १९ एप्रिल १८२४ रोजी तापाने त्याचा तेथेच अंत झाला. ग्रीक जनता त्याला विसरलेली नाही.

सर्वांत कठीण हिवाळा मात्र १९४१-४२चा. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनांनी देश जिंकला. अन्नसाठे लुटले गेले, ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीने बाहेरचे धान्य अडले. या वेळी समुद्र वाऱ्याने नव्हे, युद्धाने बंद केला होता. अथेन्स आणि पायरीअसच्या रस्त्यांवर हजारो माणसे उपासमारीने मेली. तटस्थ तुर्कस्तानातून धान्य आणणारे 'कुर्तुलुश' हे जहाज जानेवारी १९४२ मध्ये बुडाले. या दुष्काळाच्या निवारणार्थ १९४२ साली ऑक्सफर्ड येथे जी समिती स्थापन झाली, तीच पुढे ऑक्सफॅम म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली.

युद्धानंतर प्रवासाचा धंदा वाढला आणि बेटांचे वर्ष उलटे झाले. कॅलिम्नॉस बेटावरील स्पंज काढणारे पाणबुडे पूर्वी ईस्टरनंतर तारवांतून निघत ते शरदातच परतत. उन्हाळ्यात गावी बायका, मुले आणि म्हातारी माणसे. हिवाळ्यात घरे भरलेली, लग्ने, नामकरणे आणि देणीघेणी पुरी होत. आज कित्येक बेटे उन्हाळ्यात ओसंडून वाहतात, आणि हिवाळ्यात तेथील तरुण मंडळी अथेन्सला जातात. जो ऋतू माणसे घरी आणीत असे, तोच आता त्यांना घराबाहेर काढतो.

तरीही ६ जानेवारीला ठिकठिकाणच्या बंदरांत धर्मगुरू समुद्रात क्रूस टाकतो आणि गावची तरुण पोरे तो आणण्यासाठी गार पाण्यात उड्या घेतात. हा विधी प्रवाशांसाठी नाही. दर्याला आशीर्वाद देण्यासाठी आहे. तो पाहायला काठावर पुरेशी माणसे आणि उडी मारायला पुरेशी पोरे गावात राहिली आहेत की नाहीत, यावरून त्या बेटाची प्रकृती कळते. ऑगस्टमधील गर्दीवरून ती कळणार नाही.